मुठीची बरणी

सोन्या,

परवा भाकरीसाठी पीठ घेताना मी आधी मूठभर बरणीत टाकलं, आणि तू म्हणालास, "महिन्याच्या शेवटी त्याचं वजन करून तेवढे पैसे फूड बँकेला देतेसच ना? मग सरळ पैसेच दे. मुठीनं काय होतं? तुलाच बरं वाटावं म्हणून करतेस का?" मी "आधी जेव" म्हणून विषय मिटवला. खरं तर लागलं होतं.

जालन्याच्या घरात चुलीशेजारी मोठ्या मायचं गाडगं असायचं. भाकरी थापायला बसली की काठवटीत पीठ घेण्याआधी एक मूठ गाडग्यात. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती, मूठ नीट मिटायचीच नाही. निम्मं पीठ सांडायचं. मग "ही नाही धरायची" म्हणत ती दुसरी टाकायची. मला राग यायचा. मे महिन्यात आम्ही चौघं दोन भाकरी वाटून खायचो आणि हिचं गाडगं भरतंय! मामानं एकदा ते उचलून घरच्याच डब्यात रिकामं केलं. ती बोलली नाही काही. दुसऱ्या दिवशी परत पहिली मूठ.

रविवारी बाया आपापली गाडगी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आणायच्या. ज्वारीचं, बाजरीचं, कुणाची डाळ. उपासना झाली की लिलाव. कापणीच्या सणाला तर एकच भोपळा तीनदा विकला जायचा, कारण घेणारा तो परत लिलावालाच देऊन टाकायचा. पाळकसाहेब नारायण शेषाद्रींची गोष्ट सांगायचे: ब्राह्मणाघरचा माणूस, १८४३ मध्ये ख्रिस्ती झाला, पुढे जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. गाडग्यांची गोष्ट कुणी सांगत नसे.

पण मी नर्सिंगला निघाले तेव्हा पत्र्याची पेटी, दोन पांढरे युनिफॉर्म आणि पहिली फी त्याच लिलावाच्या पैशातून आली. आत्यानं वहीत माझं नाव दाखवलं. रकमेपुढे बायांचे अंगठे आणि वाकड्यातिकड्या सह्या.

आता तू म्हणशील, एखाद्या पैसेवाल्यानं एका दिवसात दिले असते. दिले असतेही. मार्क चांगले होते माझे, कुठून तरी झालंच असतं. नाइट ड्युटीला मलाही असं वाटतं कधी कधी.

इथे वॉर्डात माझ्याबरोबर एक मिझो नर्स आहे. मिझोराममध्ये बायका १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी तांदळाची मूठ बाजूला काढतात, तो तांदूळ विकून मंडळीचं, म्हणजे चर्चचं, काम चालतं. तिनं हात मिटून मला दाखवलं, मी मोठ्या मायची वाकडी मूठ करून दाखवली. दोघी हसत सुटलो, सिस्टरनं डोळे वटारले.

तर तुझं म्हणणं: मलाच बरं वाटतं म्हणून? थोडं हो. कार्डानं पैसे देते तेव्हा मोठी माय आठवत नाही, एवढं खरं. तू मूठ टाकावीस असं मी म्हणत नाहीये. मीही तुझ्या वयाची असताना टाकत नव्हते.

काल बरणीचं झाकण अर्धवट होतं. तू उघडलीस का? काही म्हणणं नाही. फक्त घट्ट लावत जा, पिठाला जाळी धरते.

आई