सोमवारची पोटदुखी

नाशिकच्या इंदिरानगरमधील एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून बसते. तिथे पालकांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘आम्ही पोटदुखीसाठी आलो होतो, मग तुमच्याकडे का पाठवलं? पोरगं नाटक करतंय, की त्याच्या डोक्यात काही बिघाड आहे?’ मला या प्रश्नाचा राग येत नाही. खोलीच्या पाटीवर ‘मानसिक’ हा शब्द लिहावा की नाही यावर आम्हीही बराच काथ्याकूट केला होता, आणि अखेर पाटी कोरीच राहिली.

नऊ वर्षांच्या एका मुलाची आई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) अशीच जाड फाइल घेऊन आली. जंतांचे औषध, रक्त-लघवीची तपासणी, सोनोग्राफी असे सगळे होऊन गेले होते आणि आजी रोज सकाळी बेंबीभोवती हिंगाचा लेप लावत होत्या. वजन घटले नव्हते, ताप नव्हता, शौचावाटे रक्त जात नव्हते, आणि दुखण्याने तो रात्री झोपेतून कधी उठला नव्हता. दुखणे शाळेच्या दिवशी सकाळी साडेसहाला सुरू होई, रिक्षा निघून गेली की ओसरे, आणि रविवारी फिरकतही नसे. डॉक्टरांनी आईकडून मुलांच्या भावना आणि वागणुकीविषयीची २५ प्रश्नांची ‘एसडीक्यू’ प्रश्नावली भरून घेतली, भीतीविषयीच्या प्रश्नांपुढच्या खुणा पाहिल्या आणि स्वतः उठून त्या दोघांना माझ्या खोलीपर्यंत आणून सोडले. ही सहा पावले मला फार मोलाची वाटतात, कारण पूर्वी मी कॉलेज रोडवर स्वतंत्र बसत असे तेव्हा चिठ्ठी घेऊन निघालेली कितीतरी कुटुंबे वाटेतच गळत.

डॉक्टर आईला माझ्यासमोरच म्हणाले, ‘ताई, त्याचं पोट खरंच दुखतंय. मेंदू आणि आतडी नसांनी जोडलेली असतात. धास्ती बसली की आतड्यांची हालचाल बदलते.’ हे वाक्य पांढऱ्या कोटातल्या माणसाने म्हटल्यावर माझे निम्मे काम झाले.

मुलाला मी विचारले, शाळेत सगळ्यात वाईट वेळ कोणती? तो म्हणाला, ‘सुटल्यावर. आई फाटकापाशी दिसेपर्यंत.’ जुलैमध्ये त्याला घ्यायला येताना आई द्वारका चौकाजवळ स्कूटीवरून घसरली होती. हाताला प्लास्टर लागले, तेही निघाले. पण त्या दिवशी हा मुलगा रेनकोटची सगळी बटणे लावून वॉचमनच्या खुर्चीत दीड तास बसून होता, त्याबद्दल घरात कोणीच त्याला विचारले नव्हते.

डॉक्टरांशी बोलून आम्ही ठरवले की ताप, उलटी किंवा रक्त नसेल तर पोट दुखत असतानाही शाळेत जायचे, कारण घरी राहिलेला प्रत्येक दिवस उद्याची भीती वाढवतो. ‘मी नक्की येईन, काही होणार नाही’ हे सारखे सांगणेही आईने थांबवायचे होते. त्याऐवजी उशीर झाला तर कोणाजवळ थांबायचे हे पक्के केले, आणि मुलाला आधी सांगून ती मुद्दाम पाच, मग दहा, मग वीस मिनिटे उशिरा जाऊ लागली. आजींचा हिंग मी बंद केला नाही, फक्त लेप लावून झाला की रिक्षात बसायचे.

आईची दुसरी चिंता नोंदीची होती: इथे आल्याचे शाळेला कळेल का? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला उपचाराची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क देतो. शाळेला काय कळवायचे ते आम्ही पालकांना विचारूनच ठरवतो. इथे वर्गशिक्षिकेला फक्त उशिराची व्यवस्था सांगितली.

सातव्या आठवड्यात शाळा बुडणे थांबले. दिवाळीच्या सुटीनंतरच्या पहिल्या सोमवारी पोट पुन्हा दुखले, आणि आजींनी लेप लावून त्याला रिक्षात बसवले.