डीओ शिकणाऱ्यांनी रेसिडेन्सी कशी पारखावी?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत ऑस्टिओपॅथिक मेडिसिन म्हणजे डीओ शिकते. येत्या सप्टेंबरात इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतर हॉस्पिटलात राहून घ्यायच्या प्रशिक्षणासाठी, अर्ज भरणार आहे. आपल्याकडे नीट-पीजीच्या रँकवर कॉलेज ठरतं; तिथे इतक्या नावांतून निवड करायची कशी? डीओंना डावललं जातं का? आमचे नातेवाईक तर तिला हाडवैद्यच समजतात.
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : नातेवाइकांचं आधी मिटवू. अमेरिकेत डीओ हा एमडीइतकाच पूर्ण परवान्याचा डॉक्टर. औषधं लिहितो, शस्त्रक्रियाही करतो. 2020 पासून दोघांच्या रेसिडेन्सींना मान्यता देणारी संस्थाही एकच आहे, एसीजीएमई.

डावलण्याची शंका मात्र रास्त आहे. ‘आम्ही डीओंचे अर्ज स्वीकारतो’ या ओळीवर जाऊ नका. बहुतेक प्रोग्राम सध्याच्या रेसिडेंटांची नावं आणि फोटो वेबसाइटवर टाकतात. तिन्ही वर्षांच्या तुकड्या उघडून किती डीओ आहेत आणि कोणत्या कॉलेजांचे, हे मुलीने वहीत उतरवावं. दरवर्षी वेगवेगळ्या कॉलेजांचे चार-पाच दिसले, तर दार खरंच उघडं आहे. तीन वर्षांत एकच, तोही त्याच हॉस्पिटलशी जोडलेल्या कॉलेजचा, असेल तर तिथे अर्जाचे पैसे घालताना विचार करावा. मोजताना एक चूक हमखास होते : ‘प्रिलिमिनरी’ इंटर्न एका वर्षापुरते येतात आणि पुढे दुसऱ्या शाखेत जातात. त्यांना धरू नये. तिची जागा ‘कॅटेगोरिकल’, म्हणजे सलग तीन वर्षांची.

मग बोर्डाचा निकाल. इंटर्नल मेडिसिनची बोर्ड परीक्षा घेणारी संस्था, एबीआयएम, प्रत्येक प्रोग्रामची तीन वर्षांची पहिल्या प्रयत्नातली उत्तीर्ण टक्केवारी जाहीर करतं. टक्क्यांशेजारी परीक्षार्थींची संख्याही पाहा. वर्षाला आठच जण बसत असतील, तर एक नापास झाला की त्या वर्षाचा निकाल साडेबारा टक्क्यांनी घसरतो.

फेलोशिपच्या, म्हणजे रेसिडेन्सीनंतरच्या उपशाखेच्या प्रशिक्षणाच्या, आकड्यांत सगळ्यात जास्त रंगरंगोटी असते. ‘शंभर टक्के मॅच’, म्हणजे सगळ्यांना जागा मिळाली, हे फक्त अर्ज केलेल्यांपैकी असतं. ज्यांना आधीच ‘यंदा थांब’ सांगितलं, ते त्यात नसतात. म्हणून तुकडीत एकूण किती, त्यातले कार्डिओलॉजी किंवा गॅस्ट्रोला किती, त्यात डीओ किती आणि त्याच हॉस्पिटलात किती राहिले, हे विचारावं. मुलीला हॉस्पिटलिस्टच, म्हणजे फक्त दाखल पेशंट बघणारी डॉक्टर, व्हायचं असेल, तर हा सगळा हिशेब सोडून द्या.

कामाचा बोजा कागदावर सगळीकडे सारखाच दिसतो : चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला 80 तास, पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटकडे एका वेळी जास्तीत जास्त 10 पेशंट. फरक कळतो तो एका प्रश्नाने, आणि तो डायरेक्टरला नव्हे, रेसिडेंटांना, वरिष्ठ समोर नसताना विचारायचा : ‘तुमची मर्यादा भरल्यावर पुढचा पेशंट कोण घेतं?’ ‘रेसिडेंटांशिवाय चालणारी हॉस्पिटलिस्टांची टीम घेते’, असं चटकन उत्तर आलं तर ठीक. एकमेकांकडे बघून हसले, तर समजून घ्यावं. वेळापत्रक ‘4+1’ आहे का, हेही विचारावं. त्यात चार आठवडे वॉर्ड आणि पाचवा आठवडा फक्त क्लिनिक असतं. जुन्या पद्धतीत अर्ध्या राउंडमधून उठून क्लिनिक गाठावं लागतं आणि दोन्हीकडची कामं लोंबकळतात.

एसीजीएमईच्या वेबसाइटवर मान्यतेची स्थिती दिसते. ‘प्रोबेशन’, म्हणजे मान्यता धोक्यात, असेल तर कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. हॉस्पिटलची आर्थिक तब्येतही बघावी. 2019 मध्ये फिलाडेल्फियाचं हानेमान हॉस्पिटल बंद पडलं आणि 500 हून अधिक शिकाऊ डॉक्टरांना दुसरीकडे जागा शोधावी लागली.

मुलाखती बहुतेक ऑनलाइन असतात. ती दिवाळीला नाशिकला येणार असेल, तर न्यूयॉर्कचे सकाळचे 9 म्हणजे इथले संध्याकाळचे 6.30, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की 7.30. राउटर इन्व्हर्टरवर जोडून ठेवा.

शेवटच्या पसंतीयादीत ‘तिथे मी लागेन का’ हा विचार नकोच. मॅच म्हणजे उमेदवार आणि प्रोग्राम यांच्या पसंतीयाद्या जुळवून जागा ठरवणं; त्याचं गणित उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होतं, त्यामुळे अवघड प्रोग्राम वर लिहिल्याने खालचा हातचा जात नाही. पण जिथे जायचंच नाही, ते नाव लिहू नये. मॅच लागला की तो बंधनकारक असतो.

प्रश्न : डीओंना त्यांची परवाना परीक्षा, कॉमलेक्स, द्यावीच लागते. डीओ शिकणाऱ्या माझ्या भाच्याने एमडींची यूएसएमएलईही द्यावी का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : परवान्यासाठी गरज नाही. यादीतले बरेच प्रोग्राम मोठ्या विद्यापीठांचे असतील, तर स्टेप 2 चा, म्हणजे यूएसएमएलईच्या दुसऱ्या टप्प्याचा, उपयोग होतो, कारण तिथे एमडी आणि डीओ उमेदवार एकाच मापाने बघायची सवय आहे. 2022 पासून दोन्ही परीक्षांचा पहिला टप्पा फक्त पास-नापास आहे, म्हणून दुसऱ्या टप्प्याच्या गुणांना वजन आलं. आधी सराव परीक्षेचे गुण बघा. काठावर असतील तर नाद सोडा. नापासाचा शिक्का अर्जात दिसतो आणि चांगल्या कॉमलेक्सलाही झाकोळतो.