'फिट्झ' म्हणजे अनौरस नव्हे

विल्यम फिट्झऑस्बर्न या अँग्लो-नॉर्मन सरदाराच्या नावातला 'फिट्झ' अनौरसपणा दाखवतो का आणि 'फिट्झऑस्बर्न घराणे' असे लिहावे का, असा प्रश्न आला आहे.

दोन्हींचे उत्तर नाही. हा अनौरसपणाचा गैरसमज ऐकून आता चीड येते. आठव्या हेन्रीच्या अनौरस मुलाचे आडनाव फिट्झरॉय, म्हणजे 'राजाचा मुलगा'. तेवढ्यावरून सगळ्याच फिट्झना डाग लावतात! अकराव्या शतकातला फिट्झ म्हणजे निव्वळ आपल्या जुन्या कागदांतला 'बिन', म्हणजे अमक्याचा मुलगा. विल्यम बिन ऑस्बर्न. हा ऑस्बर्न नॉर्मंडीच्या ड्यूकचा कारभारी. पोरवयाच्या ड्यूक विल्यमला, पुढे इंग्लंड जिंकणाऱ्या, राखताना मारला गेला.

बिन पिढीगणिक बदलतो, म्हणून 'फिट्झऑस्बर्न घराणे' चूक. विल्यम फिट्झऑस्बर्न 1071 मध्ये कासेलच्या लढाईत पडला. नॉर्मंडीतली ब्रतोयची वडिलोपार्जित जमीन थोरल्या मुलाला, तोही विल्यमच, मिळाली आणि इंग्लंडातली हेरफर्डकडची, तलवारीच्या जोरावर कमावलेली, धाकट्या रॉजरला. रॉजरने 1075 मध्ये बंड करून ती घालवली. हे दोघे भाऊ ओळखले जातात ते 'ब्रतोयचे' म्हणून. आजोबांचे नाव एका पिढीतच गळले, जमिनीचे राहिले.

पण खरा आनंद पुढेच आहे. जुन्या फ्रेंचमधला 'फिझ' उच्चारायचे 'फित्स'. इंग्रजीतला तो 'ट' तिथला. त्यामागे लॅटिन 'फिलिउस', मुलगा. आणि फिलिउसचे मूळ आपल्या 'धे' धातूचे, दूध पिणे! धेनू, धात्री त्याच कुळातल्या. लॅटिनमध्ये शब्दारंभीच्या 'ध'चा 'फ' होतो: धूम, फूमुस. म्हणजे नॉर्मन सरदाराच्या नावात आपली धेनू उभी आहे.

काही जुने व्युत्पत्तिकार फिलिउस 'भू'पासून, 'झालेला' अशा अर्थाने काढत. 'भ'चाही लॅटिनमध्ये 'फ' होतो, हे खरे; भ्राता, फ्रातेर. पण इटलीत गुब्बिओला सापडलेल्या कांस्यपट्टांवर, लॅटिनची सख्खी बहीण असलेल्या उंब्रियन भाषेत, यज्ञात बळी द्यायच्या दूधपित्या डुक्करपिल्लांना 'फिलिउ' म्हटले आहे. तिथे 'झालेली डुकरे' असा अर्थ लावणे हा शुद्ध हट्ट आहे. ध्वनिनियम दोन्हीकडे बसतात तेव्हा निकाल अर्थाने लागतो, आणि इथे तो 'धे'च्याच बाजूने लागतो.