मेरी मॅकिलप यांना बहिष्कृत केलं होतं का?

प्रश्न : मेलबर्नला मुलीकडे असताना संत मेरी मॅकिलप यांच्याविषयी ऐकलं. त्यांना चर्चनेच बाहेर काढलं होतं, हे खरं का?

उत्तर : हो, ताई. १८७१ मध्ये ॲडलेडच्या बिशपांनी त्यांना बहिष्कृत केलं. तेव्हा त्या जेमतेम २९ वर्षांच्या होत्या. पाच महिन्यांनी, स्वतःचा मृत्यू जवळ आला असताना त्याच बिशपांनी तो आदेश मागे घेतला.

मी जन्मभर खेड्यातल्या शाळेत शिकवलं, म्हणून मला जास्त भिडतं ते १८६६ चं ऑस्ट्रेलियातलं पेनोला गाव. भावाने डागडुजी केलेल्या जुन्या तबेल्यात त्यांनी शाळा भरवली. फी देता आली नाही, तरी मूल वर्गात बसायचं! त्यांच्या धर्मभगिनींच्या संस्थेतल्या सिस्टर्स दोघी-तिघी मिळून गरिबांच्या वस्तीतच राहायच्या. संस्थेचा कारभार स्थानिक बिशपांच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या. माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं.