वाचकांचे प्रश्न : फायबरच्या विमानात अँटेनाला ‘जमीन’ कुठली?

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा असून गेली बारा वर्षे अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. दोन मित्रांच्या भागीदारीत मी फायबरग्लासचे एक दोन आसनी विमान घरच्या गॅरेजमध्ये बांधले आणि गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही ते उडवतो आहोत. रेडिओ नवा आणि चांगल्या प्रतीचा आहे. मला सगळ्यांचे बोलणे स्वच्छ ऐकू येते, पण दहा-बारा मैलांपलीकडून माझा आवाज टॉवरला तुटक पोहोचतो. बोलण्यासाठी बटण दाबले की हेडसेटमध्ये शिट्टी वाजते आणि इंधनाच्या मीटरचा काटाही हलतो. अँटेना विमानाच्या पोटाखाली आहे. त्याच्या बुडाशी तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा पत्रा लावून तिथून दोन मीटरची काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला नेली आहे. रेडिओ बदलावा का?

उत्तर : रेडिओ बदलू नका. आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ त्या तळहाताएवढ्या पत्र्यात आणि काळ्या वायरमध्ये आहे.

पोटाखाली दिसणारी दांडी हा अर्धाच अँटेना असतो. रेडिओ दांडीत जेवढा प्रवाह ढकलतो, तेवढाच प्रवाह उलट दिशेने दुसऱ्या अर्ध्या भागात वाहावा लागतो, आणि त्या दुसऱ्या भागालाच आपण ग्राउंड प्लेन म्हणतो. ॲल्युमिनियमच्या विमानात सगळा पत्राच तो भाग होतो, त्यामुळे तिथे कोणाला त्याचा विचारही करावा लागत नाही. फायबरग्लास मात्र रेडिओ लहरींच्या दृष्टीने असून नसल्यासारखे आहे. तिथे हा दुसरा अर्धा भाग आपण बांधून दिला नाही, तर प्रवाह स्वतःच वाट शोधतो : रेडिओ आणि अँटेना जोडणाऱ्या कोॲक्स केबलच्या (मधल्या तारेभोवती धातूची जाळी असलेल्या केबलच्या) जाळीच्या बाहेरच्या अंगावरून तो पॅनेलपर्यंत येतो, हेडसेटच्या वायरीत शिरतो आणि वैमानिकाच्या शरीरापर्यंत पोहोचतो. मायक्रोफोनच्या मंडलात तो घुसला की शिट्टी वाजते, इंधनाच्या मीटरच्या वायरीत शिरला की काटा हलतो. जी शक्ती टॉवरकडे जायची, ती अशी कॉकपिटमध्ये फिरत राहते. ऐकताना हा दोष जाणवत नाही, कारण येणारा संदेश थोडा क्षीण झाला तरी रेडिओतील स्वयंचलित नियंत्रण आवाजाची पातळी सांभाळून घेते.

काळ्या वायरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ही चूक अत्यंत मनापासून आणि चांगल्या हेतूने केली जाते. बॅटरीचे ऋण टोक ही एकदिश प्रवाहाची जमीन आहे. रेडिओ लहरींना तिचा उपयोग नाही. विमानांचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. मधला १२७ मेगाहर्ट्झ धरला तर तरंगलांबी सुमारे २.३६ मीटर येते, म्हणजे आपली दोन मीटरची वायर जवळजवळ एका पूर्ण तरंगाएवढी लांब आहे. एवढी लांब वायर जमिनीचे काम करत नाही. ती स्वतःच आणखी एक अँटेना होऊन बसते. ती काढून टाका.

काही वर्षांपूर्वी हीच तक्रार घेऊन एक मोटर ग्लायडर माझ्याकडे आले होते. आधीच्या कार्यशाळेने त्यात रेडिओ दोनदा बदलला होता. मी पोटाचे झाकण उघडले तेव्हा केबलची जाळी वातीसारखी पिळून एका स्क्रूखाली दाबलेली दिसली आणि तो स्क्रू थेट फायबरच्या सालीत गेला होता. जाळीवर हिरवट गंज चढला होता. ती कशालाही जोडलेली नव्हती. मी एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडे गेलेल्या शक्तीपैकी किती परत फिरते हे दाखवणारा मीटर, लावला, सहकाऱ्याला क्षणभर बटण दाबायला सांगितले आणि केबल मुठीत धरून मूठ हळूहळू पुढे सरकवली, तर मुठीबरोबर काटाही सरकत होता. व्यवस्थित बसवलेल्या अँटेनाची केबल हातात धरली तरी काटा जागचा हलत नाही. ही परीक्षा आपणही करून पाहा; निदान तिथेच होईल.

आता दुरुस्ती. अँटेनाच्या बुडाशी आतल्या बाजूने तांब्याचा किंवा पितळेचा छोटा पत्रा बसवा आणि त्यापासून चार दिशांना तांब्याच्या पातळ पट्ट्या न्या. पट्टी दोन ते पाच सेंटिमीटर रुंद असावी आणि प्रत्येकीची लांबी पाव तरंगाइतकी, म्हणजे सुमारे ५६ ते ५९ सेंटिमीटर, असावी. पट्ट्या पत्र्याला डाग देऊन (सोल्डर करून) जोडा. नुसत्या चिकटवलेल्या सांध्यावर विसंबू नका, कारण पट्टीमागचा गोंद अनेकदा वीज वाहू देत नाही. अँटेनाच्या बुडाचे स्क्रू आणि कनेक्टरचे बाहेरचे अंग या पत्र्याला उघड्या धातूने टेकले पाहिजे, मध्ये रंग किंवा रेझिन (फायबरचे तंतू बांधून ठेवणारे चिकट द्रव्य) राहता कामा नये.

पोटाची साल सपाट नाही, पट्ट्या दोन्ही कुशींना वर वळतील, ही शंका आपल्या मनात येईल. त्या वळू द्या. पूर्ण सपाट ग्राउंड प्लेनवरच्या पाव-तरंग दांडीचा अवरोध, म्हणजे रेडिओच्या प्रवाहाला होणारा विरोध, सुमारे ३६ ओहम असतो, आणि पट्ट्या दांडीपासून दूर झुकल्या की तो वाढत जाऊन ४५ अंशांच्या सुमारास ५० ओहमच्या आसपास येतो. रेडिओ आणि केबल दोन्ही ५० ओहमचीच असतात, आणि अवरोध जुळला की शक्ती परत फिरत नाही. आपली दांडी खाली आहे आणि पट्ट्या वर वळणार आहेत, म्हणजे विमानाच्या पोटाचा आकार इथे आपल्याला मदतच करतो. पट्ट्या दांडीच्या दिशेने मात्र कधीही दुमडू नयेत.

एक गोष्ट विजेची नाही, पण तितकीच महत्त्वाची आहे. आपल्या विमानाची साल दोन थरांमध्ये फोम असलेली असेल, तर तिच्यावर स्क्रू आवळताच फोम चिरडतो आणि वाऱ्याच्या दाबाने दांडी डुलू लागते. त्या जागेपुरता फोम काढून भरीव फायबरचा तुकडा बसवा आणि मगच भोके पाडा.

ज्यांचे विमान अजून बांधून व्हायचे आहे, त्यांना मी याहून वेगळा मार्ग सुचवेन. विमान रचनाकार बर्ट रुटान यांच्या १९७५ च्या व्हॅरीईझ आणि १९७९ च्या लाँग-ईझेड या घरगुती बांधणीच्या विमानांत बाहेर दांडीच नसते. जिम वेअर या अभियंत्याने सुचवलेल्या पद्धतीप्रमाणे तांब्याच्या फितीचा डायपोल, म्हणजे दोन सारख्या भुजांचा अँटेना, फायबरच्या थरांखालीच पुरतात. संभाषणाचा अँटेना पंखाच्या टोकावरील उभ्या विंगलेटमध्ये जातो. डायपोलमध्ये दोन्ही अर्धे भाग आपणच देतो, त्यामुळे ग्राउंड प्लेन लागतच नाही. प्रत्येक भुजा सुमारे ५१ सेंटिमीटर ठेवतात. रुंद फीत आणि भोवतीचे फायबर यांमुळे ती हिशेबाच्या पाव तरंगाहून आखूड पुरते. केबल जिथे डायपोलला मिळते तिथे तिच्यावर फेराइट या चुंबकीय पदार्थाची तीन कडी ओवतात, म्हणजे जाळीच्या बाहेरून प्रवाह परत येत नाही. केबल डायपोलला काटकोनात निघावी आणि जवळून दिव्याची वायर किंवा रडरची धातूची दोरी जाऊ नये. मात्र थर चढवण्याआधी मोजमाप केलेच पाहिजे. फायबरखाली तुटलेला डाग पुन्हा हाताला लागत नाही.

मोजताना ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या संपूर्ण पट्ट्यात एसडब्ल्यूआर दोनच्या आत असावा. दोनला सुमारे ११ टक्के शक्ती परत फिरते, तीनला २५ टक्के. आजकाल खिशात मावणारे विश्लेषक यंत्र स्वस्तात मिळते आणि ते जोडल्यावर प्रक्षेपण न करताच सगळा पट्टा पडद्यावर दिसतो. पण नुसत्या चांगल्या आकड्यावर समाधान मानू नका, कारण झिजलेली, शक्ती खाणारी केबलसुद्धा आकडा चांगला दाखवते. मूठ सरकवण्याची परीक्षा पुन्हा करा, आणि मग टॉवरला विचारून दूरवरून आवाज तपासा.

प्रश्न : मी पुण्यात अभियांत्रिकी शिकते. आमचा गट फायबरग्लासच्या हलक्या विमानाचा आराखडा करत आहे. ट्रान्सपॉन्डरच्या (रडारच्या विचारणेला आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राच्या) अँटेनालाही एवढे मोठे ग्राउंड प्लेन लागेल का?

उत्तर : नाही. ट्रान्सपॉन्डर १०३० मेगाहर्ट्झवर ऐकतो आणि १०९० वर उत्तर देतो. तिथे पाव तरंग जेमतेम सात सेंटिमीटर भरतो. म्हणून किमान १४ ते १५ सेंटिमीटर व्यासाची धातूची गोल चकती पुरते, थोडी मोठी असल्यास उत्तमच. जागा मात्र विचारपूर्वक निवडा. हलक्या विमानांचा ट्रान्सपॉन्डर क्षणिक स्पंदांत शंभराहून अधिक वॅट फेकतो आणि फायबरची साल ते अडवत नाही. अँटेना आसनांपासून दूर, पोटाखाली असावा आणि चकती त्याच्या व माणसांच्या मध्ये यावी. केबल शक्य तितकी आखूड आणि दुहेरी जाळीची घ्या, कारण या वारंवारितेवर साध्या केबलचा प्रत्येक मीटर शक्ती खातो.

प्रश्न : मी गोंदियाला वैमानिक प्रशिक्षण घेतो. कार्बन फायबरही फायबरग्लाससारखे कंपोझिटच (तंतू आणि रेझिन यांचे मिश्र द्रव्य) आहे, मग त्याच्या सालीखाली अँटेना का लपवता येत नाही?

उत्तर : कारण कार्बनचे तंतू वीज वाहतात. त्यांच्या आत ठेवलेला अँटेना डब्यात बंद केल्यासारखा होतो. दुसरीकडे, कार्बनची साल ग्राउंड प्लेन म्हणूनही मनासारखी मिळत नाही : तिचा रोध ॲल्युमिनियमच्या शेकडो पट असतो आणि वरच्या रेझिनमुळे स्क्रूचा तंतूंशी नीट स्पर्श होत नाही. त्यामुळे अँटेना बाहेर बसवून त्याच्या बुडाशी तांब्याची जाळी किंवा पत्रा द्यावा लागतो. ॲल्युमिनियम कार्बनला थेट टेकवले तर ओलाव्यात ॲल्युमिनियम झपाट्याने गंजते, म्हणून मध्ये फायबरग्लासचा एक थर ठेवतात. काच-फायबर (फायबरग्लास) आणि केव्हलार हा कृत्रिम तंतू या दोहोंतून लहरी सहज जातात, हे लक्षात ठेवावे.

आपण ज्या विमानावर शिकता ते प्रमाणित विमान आहे. त्यातील प्रत्येक पट्टी आणि सांधा मंजूर आराखड्याप्रमाणे असतो आणि त्याला अधिकृत देखभाल अभियंत्यानेच हात लावावा. आपण मात्र उड्डाणापूर्वीच्या पाहणीत प्रत्येक अँटेनाचे बूड बोटाने हलवून पाहा. भोवतीच्या सीलंटला चीर दिसली किंवा बूड किंचितही हलले, तर ते लॉगबुकात लिहा.