‘शोले’तल्या मौसी, म्हणजे लीला मिश्रा, कधी नायिका का झाल्या नाहीत?

संधी आली होती, त्यांनीच नाकारली. १९३६ च्या ‘होनहार’मध्ये त्यांना शाहू मोडकांची नायिका म्हणून घेतलं होतं. पण परपुरुषाला मिठी मारायला त्यांनी साफ नकार दिला, तेव्हा त्यांना त्याच चित्रपटात मोडकांच्या आईची भूमिका दिली गेली! ती लोकांना आवडली आणि बाईंवर ऐन तारुण्यात आईचा शिक्का बसला. पुढची पन्नासेक वर्षं आई, काकू, मावशी, आजी.

‘शोले’ (१९७५) मधला तो प्रसंग पुन्हा बघा. जय वीरूसाठी बसंतीला मागणी घालायला येतो आणि कौतुकाच्या नावाखाली एकेक भानगड उघडी करतो: जुगार, मग दारू, मग कोठा. हशा अमिताभच्या संवादांना येतो, हे खरं. पण मौसी प्रत्येक उत्तरावर दचकते, सावरते आणि पुन्हा भाबडेपणाने पुढचा प्रश्न विचारते, म्हणूनच तो विनोद चढत जातो. समोर कुणी सपाट चेहऱ्याची बाई असती तर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

सई परांजप्यांनी त्यांना ‘चश्मे बद्दूर’ (१९८१) आणि ‘कथा’ (१९८३) या दोन्ही चित्रपटांत घेतलं. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाड़ी’तही त्या आहेत, मोलकरणीच्या भूमिकेत. भूमिका चिमूटभर, पण बाई लक्षात राहतात. १९८८ मध्ये त्या गेल्या. माझं मत विचाराल तर आधी ‘चश्मे बद्दूर’ बघा, तिथे त्यांना जरा ऐसपैस जागा मिळाली आहे.