युद्धपदकाच्या मूळ मालकाचा शोध : कडेवरची तीन अक्षरे मी चुकीची वाचली, त्याविषयी

वरूडच्या भंगारवाल्याकडून आपण एक सहा टोकांचा तारा आणि एक गोल पदक घेतले असून ती ज्या शिपायाची होती त्याच्या घरी पोहोचवायची आहेत, त्यासाठी कोणत्या कार्यालयात अर्ज करावा, असे आपण विचारले आहे. हे वाचताना दारव्ह्याच्या बाजारात जुन्या नाण्यांच्या डब्यात मला सापडलेले पदक आठवले. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक आहे, सैनिकी इतिहासाचा जाणकार नाही. म्हणून पुढील मजकूर एका माणसाचा अनुभव एवढ्याच अर्थाने घ्यावा.

कार्यालयाचा विचार नंतर करावा. आधी गोल पदकाची कड आणि ताऱ्याची पाठ वाचावी. दुसऱ्या महायुद्धातली ही पदके ब्रिटिश सैनिकांना नावाशिवाय दिली गेली, परंतु भारतीय शिपायांच्या पदकांवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असे. आपले काम शक्य आहे ते केवळ यामुळे. पदक घासू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. मी चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख घेऊन ते तासभर घासले होते. पदक लखलखीत झाले, पण आधीच झिजलेल्या कडेवर क्रमांक, अर्धे नाव आणि पलटणीच्या नावाची एम, ए, एच ही तीन इंग्रजी अक्षरे एवढेच वाचण्याजोगे राहिले. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवी धरून कड हळूहळू फिरवली, तर पुसट अक्षरांची सावली पडते आणि मोबाइलच्या फोटोत ती दिसते. हे मला फार उशिरा कळले.

त्या तीन अक्षरांवरून मी 'मराठा' असे वाचले. मराठा पलटणीच्या जुन्या इंग्रजी नावात ए नंतर एच येतो हे मला ठाऊक होते आणि त्या माहितीचा थोडा अभिमानही होता. दुसरे काही असू शकेल हे मनात आलेच नाही. का आले नाही, हे सांगताना आजही संकोच वाटतो. त्या समजुतीवर मी पत्रे लिहिली, आणि नाण्यांच्या दुकानदाराने ज्या गावाचे नाव सांगितले होते तिथे जाऊन चौकशी केली ती पाटलांच्या ओसरीवर आणि देवळाच्या पारावर. गावाच्या दुसऱ्या टोकाला मी गेलोच नाही. अशी तीन वर्षे गेली.

या काळात एका कार्यालयाने माझा अर्ज तीनदा परत केला. त्या कार्यालयाचे नाव मी लिहिणार नाही. प्रत्येक वेळी शेरा एकच असे : अर्जदार वारस असल्याचा पुरावा जोडावा. मी वारस नाही, वारस शोधण्यासाठीच अर्ज करीत आहे, हे मी तिन्ही वेळा पहिल्याच वाक्यात लिहिले होते. माहितीच्या अधिकाराचा मार्ग अनेक जण सुचवतील, पण व्यक्तिगत माहितीच्या कलम ८(१)(ञ) वर तो बहुधा अडतो, असे माझे मत आहे.

गाठ सुटली ती एस.टी. स्थानकावर. शेजारी बसलेल्या, लष्करातून नायक या हुद्द्यावर निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना मी पदकाचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, महार रेजिमेंटचं नावबी याच अक्षरांनी सुरू होते ना जी."

पहिल्या महायुद्धात १९१७ साली उभी राहिलेली १११ वी महार पलटण युद्धानंतर मोडली गेली होती. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली आणि तिची दुसरी पलटण १९४२ मध्ये आपल्या कामठीत तयार झाली. विदर्भातल्या माणसाने हे नाव सर्वांत आधी आठवायला हवे होते. आज या रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे.

त्यानंतर मी त्याच गावाच्या बौद्ध वस्तीत गेलो. "मिलिटरीवाल्या आजोबांचे घर" पहिल्याच मुलाने दाखवले. कवेलूंच्या घरात पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांच्या खाली, घडीवर फाटलेले डिस्चार्जचे कागद होते. क्रमांक अंकाला अंक जुळला. १९७२ च्या दुष्काळात तांब्याच्या गुंडासोबत पदकही मोडीत गेले होते, असे त्यांच्या सुनेने सांगितले. आजोबांच्या मृत्यूची तारीख घरात कोणालाच आठवत नव्हती. ती तहसिलीतून काढलेल्या कोतवाल बुकाच्या नकलेत मिळाली. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी आपल्या भागात हे बुक फार उपयोगी आहे, जातीच्या दाखल्याखेरीजही.

आपले गोल पदक १९१४ ते १९१८ च्या युद्धाचे निघाले, तर एक सावधगिरी बाळगावी. त्या काळी शिपायाचा क्रमांक त्याच्या पलटणीपुरता असे, त्यामुळे एकच क्रमांक निरनिराळ्या पलटणींत सापडतो. पलटणीचे नाव लागले नाही तर अशा क्रमांकावरून काहीच सिद्ध होत नाही.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन, काहींना ती संशयी वाटली तरी. शिपायाचे नाव जाहीर करायला हरकत नाही, परंतु क्रमांक जाहीर करू नये. आपल्याकडे स्वतःचे आणि वडिलांचे नाव सारखे असलेली माणसे एकेका गावात तीन-तीन निघतात, आणि पदकाला बाजारात किंमत येते हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. जे घर आपणहून कागद काढून क्रमांक दाखवील, त्याच घराशी पुढचे बोलावे.

ताऱ्याच्या पाठीचा आणि गोल पदकाच्या कडेचा, टॉर्च आडवी धरून काढलेला फोटो टाकावा. क्रमांकाचे शेवटचे दोन अंक बोटाने झाकावेत. पलटणीचे नाव अर्धवट असेल, तर त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या सर्व पलटणींची यादी आधी करू आणि मगच पत्र कोठे पाठवायचे ते ठरवू.